किलोचा पुठ्ठा

मला उर्दू वाचता येत नाही, हे मी किती तरी वर्षं जरा तोऱ्यातच सांगत होते. रद्दी निवडताना आई एखादा कागद पुढे करायची, "दीपे, ह्याच्यावर काय लिवलंय गं?" आणि मी म्हणायचे, "मला काय ठाऊक, मी काय मदरशात गेलते?" मग सगळ्या हसायच्या. सगळ्यांत जास्त अलिना हसायची. आज ते हसणं आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

चौसाळ्यात हायवेपासून दोन गल्ल्या आत आमचं घर आहे. पुढच्या पत्र्याच्या खोलीत आम्ही कागदी पिशव्या करतो. मी, माझी आई भिमाबाई आणि शेजारच्या हाफिजाभाबी. गेल्या भाद्रपदापर्यंत आम्ही चौघी होतो. चौथी अलिना, भाबींची एकुलती एक मुलगी. खरं तर हे सगळं तिचंच खूळ.

तिच्या वडिलांचा, मैनुद्दीनभाईंचा, हायवेला फळांचा गाडा आहे. कॅरीबॅगवर बंदी आली तरी ते गाड्याखाली पोत्यात कॅरीबॅगा लपवून ठेवायचे. त्यासाठी साहेबलोकांची बोलणी खायची, आणि सीताफळाच्या दिवसांत गिऱ्हाइकांचीही खायची, कारण प्लास्टिकमध्ये सीताफळाला घाम फुटतो आणि घरी नेईपर्यंत ते काळं पडतं. अलिना तेव्हा सहावीत होती. शाळेत कुठल्याशा मॅडमनी पेपरची पिशवी करून दाखवली, तर ही पोरगी दप्तरासकट थेट आमच्या दारात येऊन बसली.

"दीपाताई, तुमी नुसत्याच बसून असता ना?"

मी नवऱ्याचं घर सोडून माहेरी आलेले, बी.ए. झालेले आणि खरोखर नुसती बसलेले. त्यामुळे मला झोंबलं. पण माझ्या रागाकडे तिचं लक्षच नव्हतं. तिने केळीच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, त्याच्याभोवती पेपर गुंडाळला, तळ दुमडला, खळ लावली, पुठ्ठा अलगद ओढून काढला आणि पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. वर कात्रीच्या टोकाने दोन भोकं पाडली. "सीताफळाला वारा लागतो," म्हणाली. त्या दिवसापासून आजपर्यंत आम्ही त्या पिशव्यांतून उठलो नाही.

ज्याच्याभोवती पेपर गुंडाळायचा, तो पुठ्ठा म्हणजे आमचं खरं हत्यार. पाव किलो, अर्धा किलो, किलो. प्रत्येकीचा आपापला, कारण दुसरीचा हातात घेतला की घडी चुकते. पुठ्ठे अलिनाच कापून द्यायची आणि कोपऱ्यात बॉलपेनने उर्दूत काहीतरी लिहून ठेवायची. माझ्या किलोच्या पुठ्ठ्यावरही होतं. ते 'किलो' असणार, असं मी धरून चालले. विचारायचं कशाला? पुठ्ठ्याच्या कडा घासून मऊ पडल्या की तो चुलीत, खळीच्या पातेल्याखाली जायचा. हाफिजाभाबींचा हात जोरकस, त्यांचा पुठ्ठा सहा महिन्यांत कामातून जायचा. माझा हात हलका, म्हणजे आईच्या भाषेत आळशी, म्हणून माझा टिकायचा.

आमच्या रद्दीचे तीन ढीग असतात. पहिला कामाचा. दुसरा भाबींचा. उर्दू किंवा अरबी अक्षराचा कागद दिसला की त्याची पिशवी करायची नाही, कारण त्यात अल्लाचं नाव असेल आणि कुणी केळी खाऊन ती गटारात टाकेल. असे कागद खिळ्याला टांगलेल्या पांढऱ्या कापडी थैलीत जायचे. तिसरा आमचा. बाबासाहेबांचा किंवा बुद्धाचा फोटो असलेला कागद आई ट्रंकेत ठेवते. सहा डिसेंबरच्या आणि चौदा एप्रिलच्या पुरवण्या रद्दीत आल्या की तो सबंध दिवस निवडण्यातच जातो. हे कुणी ठरवून दिलं नव्हतं. भाबींना अक्षरओळख नाही, लहानपण दुसऱ्याच्या रानात कापूस वेचण्यात गेलं, पण बाबासाहेबांचा चष्मा त्यांना लांबूनही कळतो. फोटोवर खळीचा हात लागू नये म्हणून त्या आधी हात धुतात. मीही त्यांच्या कागदाला तसंच जपायचे. वाचता येत नाही ना, मग उर्दू दिसलं की कपाळाला लावायचं आणि थैलीत टाकायचं. मला त्याचा अभिमान होता.

वर्षातून एकदा, रमजानच्या आधीच्या शुक्रवारी, मैनुद्दीनभाई ती थैली घेऊन जायचे. गावाबाहेर एक जुनी विहीर आहे, तिचं पाणी कुणी भरत नाही. थैलीत दगड घालायचा, तोंड शिवायचं आणि आत सोडायची. शिवण्याचं काम माझं, कारण माझा टाका बारीक.

अलिनाने मला उर्दू शिकवायचं मनावर घेतलं होतं. "रोज एक अक्षर शिका ताई, सव्वा महिन्यात पेपर वाचताल." मी दोन दिवस शिकले. पहिलं अक्षर अलिफ, उभी काठी. दुसरं बे, होडीखाली एक टिंब. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "मरू दे गं, ह्या वयात कुठं बिगरीत बसू?" ती म्हणाली, "बसू नका, पण रुसू पण नका," आणि पुन्हा कधी विषय काढला नाही.

ती दहावीत होती. भाद्रपदात ताप आला, चार दिवस राहिला आणि तिला घेऊन गेला. आधी बीड, मग तिथून पुढे औरंगाबाद, आणि पाचव्या दिवशी सकाळी गाडी परत आली. त्याबद्दल मला यापेक्षा जास्त लिहिता येत नाही. आई अजूनही खळ ढवळताना मधेच थांबते, आणि मग खळीच्या गुठळ्या होतात.

शाळेची पुस्तकं भाबींनी भावाच्या मुलीला, समिनाला, देऊन टाकली. वह्या तपासायला शाळेत गेलेल्या, त्या परत आल्याच नाहीत. एक वही मात्र ठेवली. दोनशे पानी, खाकी कव्हर घातलेली. ती शाळेची नव्हती. आमच्या उंबऱ्यावर बसून अलिना त्यात लिहीत असायची, निळ्या जेलपेनने, भरभर. काय लिहितेस विचारलं की म्हणायची, "तुमी तिघी कशा भांडता ते." मैनुद्दीनभाईंना वाचता आलं असतं, पण ती वही उघडायचा त्यांना धीर झाला नाही. भाबींना धीर होता, पण वाचता येत नव्हतं. पाच महिने ती वही त्यांच्या पेटीत कपड्यांखाली होती.

रमजान तोंडावर आला तेव्हा भाबींनी मनाशी ठरवलं, समिनाकडून ती वाचून घ्यायची. पण घरी नाही, नवऱ्यासमोर नाही. आमच्या खोलीत, माझ्या आईच्या शेजारी बसून ऐकायची. समिनाला शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी असते. भाबी गुरुवारीच वही ओढणीत गुंडाळून घेऊन आल्या आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. शनिवारपर्यंत घरात ठेवली तर आपला विचार बदलेल, अशी त्यांना भीती वाटली होती. आम्हाला त्या काही बोलल्या नाहीत. हे सगळं मला नंतर कळलं.

त्याच कट्ट्यावर आम्ही निवडून झालेले, थैलीत टाकायचे राहिलेले कागद ठेवतो.

शुक्रवारी सकाळी मी एकटीच होते. भाबींकडे सफाई चालली होती, आई दळणाला गेली होती. मैनुद्दीनभाई दुपारच्या नमाजानंतर थैली न्यायला येणार, म्हणून मी घाईत होते. कट्ट्यावर ओढणी होती. ती मी झटकून, घडी करून दोरीवर टाकली. खाली वही. उघडून पाहिली. पहिल्या पानावर वर मधोमध ७८६ लिहिलेलं आणि खाली गच्च उर्दू. कव्हरवर मोठ्या अक्षरांत एक शब्द होता. त्यात उभ्या काठ्या दिसल्या. अलिफ मला येत होतं. त्याच्या पुढचं येत नव्हतं.

खाकी कव्हरच्या वह्या रद्दीत नेहमीच येतात, अलिनाची वही इथे असेल हे डोक्यातही आलं नाही. हे काहीतरी धर्माचं आहे, असं मी मनाशी म्हटलं. कपाळाला लावली. थैलीत सगळ्यांत वर ठेवली, दगडाखाली चुरगळू नये म्हणून. मग बसून बारीक टाक्याने तोंड शिवलं, दुहेरी दोऱ्याने. मैनुद्दीनभाई आले, थैली दोन्ही हातांवर घेतली आणि म्हणाले, "दीपा, औंदा जड झाली बेटा." मी म्हटलं, "औंदा लई निघाले कागद."

त्यांच्या पोरीची वही त्यांनी स्वतःच्या हाताने विहिरीत सोडली.

शनिवारी समिना आली. भाबी नवी ओढणी डोक्यावर घेऊन आल्या होत्या. त्या कट्ट्याजवळ गेल्या, हात फिरवला, खाली बघितलं, मग ढिगात बघितलं. "भिमाअक्का, हितं एक वही ठेवलती." आई म्हणाली, "कसली गं?" भाबी म्हणाल्या, "अलिनाची."

मला त्याच क्षणी कळलं. आणि तरीही मी काय केलं, ते सांगते, कारण ते सांगायलाच बसले आहे. मी त्यांच्याबरोबर शोधू लागले. कामाचा ढीग उचकला, गठ्ठे सोडले, ट्रंक उघडली. जी वस्तू खोलीत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, ती मी घामाघूम होऊन शोधत होते. भाबी म्हणत होत्या, "दीपा, तू नगं तरास करून घेऊ, घावंल." त्या मला धीर देत होत्या.

शेवटी त्या खिळ्याकडे बघत उभ्या राहिल्या. तिथे नवी, रिकामी थैली होती. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"भाबी," मी म्हटलं, "मी कपाळाला लावून ठेवली. मला वाटलं तुमचं काहीतरी पाक-पवित्र असंल."

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. खाली बसल्या आणि म्हणाल्या, "तुझा काय कसूर. अल्लाचंच समजून ठेवलीस ना." आणि समिनाला म्हणाल्या, "जा घरी, बेटा. आता काय वाचतीस."

माझा भाऊ प्रवीण वायरमन आहे. त्याने दोरखंड आणि गळ घेतला आणि आम्ही विहिरीवर गेलो. मैनुद्दीनभाई आधीच तिथे काठावर उभे होते. त्यांना आईने गाठून सांगितलं होतं. ते म्हणाले, "एकदा सुपूर्द केलेलं मागं घेऊ नाई. पन काढ बाबा, काढ." प्रवीणने पाऊण तास गळ फिरवला. आधी मागच्या सालची थैली आली, नुसता लगदा. मग कालची आली. माझा टाका जसाच्या तसा होता, एकही दोरा सुटलेला नव्हता. दातांनी तोडावा लागला.

वही अखंड होती. कव्हर सुटलं होतं, पण पानं सगळी होती. आणि एकाही पानावर अक्षर नव्हतं. जेलपेनची शाई, एका रात्रीत सगळी वाहून गेली होती. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत नुसता फिकट निळा रंग. पानामागून पान तसंच. मैनुद्दीनभाई एकेक पान उलटत होते. शेवटचं पान आल्यावर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. प्रवीणने त्यांचा हात धरला तेव्हा ते थांबले.

बाकीचे कागद त्यांनी परत विहिरीत सोडले. वही घरी आणली. आम्ही ओल्या पिशव्या ज्या दोरीवर वाळवतो, तिच्यावर आईने एकेक पान चिमट्याने लावलं. वाळल्यावर ती निळसर कोरी पानं भाबींनी गोळा केली आणि ओढणीत बांधली. आई म्हणाली, "हाफिजा, पोरीला माफ कर." भाबी म्हणाल्या, "माफ करायला ती चुकली कुठं, अक्का?" मला त्या वाक्याने जितकं दुखलं तितकं कुठल्या शिवीने दुखलं नसतं.

मी समिनाला गाठलं आणि म्हटलं, मला शिकव. ती चौदा वर्षांची, मला शिकवायला लाजायची. मी तिला म्हटलं, छडी घेऊन बस पाहिजे तर. रोज एक अक्षर. रमजान संपला, ईद झाली. भाबींच्या हाताला औंदा मेंदी नव्हती. मी दिवसभर पिशव्या करायचे आणि संध्याकाळी समिनाच्या घरी पाटीवर गिरवायचे. सव्वा महिन्यात पेपर वाचता येतो, हे अलिनाने बरोबर सांगितलं होतं, फक्त मला दोन महिने लागले. अलिनाचं नाव कसं लिहितात ते मी समिनाला मुद्दामच विचारलं नाही. एक दिवस ते आपोआप वाचता आलं. सुरुवातीला काठी, शेवटी काठी. कव्हरवर होतं तेच. पाच अक्षरं वाचायचा मला कंटाळा आला होता.

मग एका सकाळी पिशव्या करायला बसले, किलोचा पुठ्ठा उचलला आणि नजर कोपऱ्यावर गेली. वर्षभर रोज हातात असलेला पुठ्ठा, मागच्या उन्हाळ्यात तिनेच कापून दिलेला. दाल. ये. पे. अलिफ. मी पुन्हा वाचलं.

'किलो' नव्हतं. 'दीपा' होतं.

हा दीपाचा पुठ्ठा, एवढंच. कुणाचा कुणाला जाऊ नये म्हणून. बॉलपेनचं होतं म्हणून टिकलं; माझे बाकीचे पुठ्ठे आणि आईचे कधीच चुलीत गेले होते. जगात अलिनाच्या हाताचं एवढंच अक्षर शिल्लक होतं आणि ते माझं नाव होतं. माझं का? माझा काय हक्क होता?

भाबी समोरच बसल्या होत्या. रद्दीत सहा डिसेंबरच्या पुरवण्या निघाल्या होत्या, आणि त्या हात धुऊन एकेक फोटो आमच्यासाठी बाजूला काढत होत्या. वहीचं एवढं झाल्यावरही त्यांनी ते काम एक दिवस चुकवलं नव्हतं. मी पुठ्ठा त्यांच्या मांडीवर ठेवला.

"भाबी, हे अलिनाच्या हाताचं हाय. कोपऱ्यात बघा."

त्यांनी अक्षरावर बोट ठेवलं. दाबून नाही, पुसलं जाईल म्हणून वरूनच फिरवलं. "काय लिवलंय?"

मी आधी विचार केला नव्हता. तोंडातून निघून गेलं. "अम्मी."

भाबींनी ती चार अक्षरं एकेक करून बघितली. मग त्यांनी वाटीतल्या गार खळीत बोट बुडवलं आणि समोरच्या फरशीवर हळूहळू काढलं. एक काठी, तिच्या शेजारी एक गाठ आणि खाली वळलेलं शेपूट. खळीने ओलं, वेडंवाकडं, पण मला वाचता आलं.

"मागच्या सालच्या ईदीला तिनं माझ्या तळहातावर मेंदीनं काढलतं," त्या म्हणाल्या. "मेंदी जाईस्तोवर रोज बघायचे. मला एवढा एकच शबद येतो, दीपा. त्यो असा नस्तो."

त्यांनी पुठ्ठा माझ्यासमोर धरला.

"खरं सांग. काय हाय?"

"दीपा," मी म्हटलं. "माझं नाव हाय."

त्यांनी मान हलवली, जणू त्यांना ते आधीच कळलं होतं. मग सावकाश विचारलं, "म्हंजी माझ्या पुठ्ठ्यावर बी लिवलं असंल तिनं. अम्मी."

चुलीपाशी आईचा हात थांबला. भाबींचा जुना पुठ्ठा, अलिनाने कापलेला शेवटचा, दिवाळीच्या आधी कडा गेल्या म्हणून आईनेच चुलीत सारला होता. भाबींनीच तो आईच्या हातात दिला होता. "काम झालं ह्याचं," म्हणाल्या होत्या. तिघींनाही तो दिवस आठवत होता. खळीला उकळी येऊन ती पातेल्याच्या काठावरून खाली सांडली, तरी आई उठली नाही.

"असंल," मी म्हटलं.

भाबी रडल्या. भाद्रपदापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, ना मयतीला, ना विहिरीवरून वही आली तेव्हा. आई जाऊन त्यांच्या शेजारी बसली. मला जवळ जायची छाती झाली नाही. थोड्या वेळाने त्यांनी ओढणीच्या पदराने तोंड पुसलं, पुठ्ठ्यावर पडलेलं पाणी त्याच पदराने टिपलं, अक्षराला धक्का न लावता.

"ह्यो मला दे," त्या म्हणाल्या. "तू दुसरा काप."

"त्याच्यावर माझं नाव हाय, भाबी."

"आसू दे तुझं नाव. हात तर तिचा हाय."

त्यांनी तो पुठ्ठा छातीशी धरला आणि घरी गेल्या. दुपारी मी केळीच्या खोक्यातून नवा कापला. पट्टी लावून, दोनदा मोजून कापला, तरी कुठेतरी चुकला. त्या दिवसाच्या सगळ्या पिशव्या एका अंगाला तिरक्या झाल्या. संध्याकाळी मैनुद्दीनभाई त्या तशाच गाड्यावर घेऊन गेले.